कुंदाताईंची टाळी

कुंदाताई मला आठवतात त्या आवाजातून: रिकाम्या नाट्यगृहात वाजलेली एकच कोरडी टाळी, आणि तिच्या मागोमाग उतरणारी शांतता. आमच्या हौशी मंडळाच्या प्रयोगाच्या दुपारी, नारळ फोडण्याआधी, त्या रंगमंचाच्या मधोमध उभ्या राहत, टाळी वाजवत आणि मान किंचित तिरकी करून ऐकत. राजधानीत मयूर विहारजवळच्या आमच्या त्या जुन्या सरकारी नाट्यगृहात ती टाळी शेवटच्या रांगेपर्यंत जाई आणि तिथेच अलगद विरून जाई. मग त्या समाधानाने पदर खोचत.

दुरुस्तीसाठी म्हणून त्या दाराला कुलूप लागलं, ते लागलंच. गुरुग्रामची चकचकीत सभागृहं आमच्यासारख्या हौशी नोकरदारांच्या आवाक्याबाहेरची. निवृत्तीनंतरची सगळी वर्षं ताईंनी ते कुलूप निघावं म्हणून सरकारी कार्यालयांच्या पायऱ्या झिजवण्यात घालवली. पाणी, रस्ते तसं नाटकाला छप्पर, तेही सरकारनेच द्यायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. धुक्यातल्या सकाळी करडी शाल, उन्हाळ्यात अमलतास फुलल्यावर छत्री. साहेब बदलत, ताई पुन्हा पहिल्यापासून सांगत. सोबत जाऊन जाऊन मी कंटाळले होते. दमत त्याही, पण ते फक्त परतताना चपला फरफटण्यातून कळे.

एका हिवाळ्यात नव्या साहेबांनी आम्हाला बोलावून पर्यायी जागा दाखवली. लग्नांसाठी बांधलेलं बारातघर होतं ते. गुळगुळीत फरशा, काचेची झुंबरं. ताई सवयीने मधोमध गेल्या आणि टाळी वाजवली. आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळत राहिला, काही केल्या खाली बसेना. ताई मान तिरकी करणार तोच साहेबांनी हसून टाळ्या सुरू केल्या. मग त्यांच्या माणसांनी, मग फोटोवाल्यानेही.

"मॅडम को पसंद आ गया," साहेब म्हणाले.

त्या कल्लोळात ताईंचा हात तसाच अर्धवट उचललेला राहिला. परतताना मेट्रोत त्या खिडकीपाशी बसल्या. मग म्हणाल्या, "मी तर आवाज बघत होते यार. आता हे त्यांना कसं सांगायचं?"

तरी सांगायला त्या गेल्या. पण 'जागा तर मिळाली, तुम्हीच टाळ्या वाजवल्यात', हेच उत्तर पुढे प्रत्येक दारी मिळालं.

यंदाच्या पानगळीत ताई गेल्या. शोकसभा त्याच बारातघरात झाली, दुसरी जागाच नव्हती. बोलणाऱ्याचं प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यात मिसळत होतं. ताईंबद्दल कोण काय म्हणालं, मला धड कळलं नाही. उठून मधोमध जावं, एक टाळी वाजवावी, असं फार वाटलं. पण शोकसभेत टाळी वाजवत नाहीत. मी हात मांडीवरच ठेवले, आणि गेलेल्या माणसाचा आवाज विरायलाही एक बरी जागा लागते, हे त्या गोंगाटात ऐकत बसले.