लगद्याखालची तार

चिंतामणी कर्णिकांनी आयुष्यात एकूण अकरा प्राणी केले. तीस वर्षांत अकरा म्हणजे काही फार नव्हेत. पण सहा दिवस कचेरीत खर्डेघाशी करून उरलेल्या रविवारी, करी रोडच्या एका खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर मांडी घालून माणूस आणखी किती करणार? हत्यार एकच, पक्कड. तार बांधकामावर सळया बांधायला वापरतात ती, काळी आणि मऊ. अट मात्र त्यांनी स्वतःलाच घालून घेतलेली होती. एक प्राणी, एक तार. मधे कापायची नाही, जोडायची नाही. नाकापासून सुरुवात करायची आणि शेवटचं टोक पोटात कुठंतरी असं वळवायचं की शोधूनही सापडू नये.

पाठ खाजवायला मान पार मागं वळवलेली शेळी. धुळीत लोळणारं गाढव. एका पायावर उभा बगळा. अंगाची वेटोळी करून झोपलेलं कुत्रं. नुसत्या रेषा, आणि त्यांच्यामधून पलीकडची भिंत दिसायची.

त्यांची एकुलती एक मुलगी कालिंदी चौदा वर्षांची असताना तिनं विचारलं होतं, "बाबा, यात काही भरणार नाही?"

"बगळा म्हणजे थोडासाच बगळा असतो, बाकी हवा," कर्णिक म्हणाले होते. "ती मला आयती मिळालीय. घालवू कशाला?"

हे उत्तर त्यांनी तिला दिलं. बाकी कुणाला कधी दिलं नाही. आणि प्रश्न तर सगळेच विचारायचे, कारण करी रोडपासून परळपर्यंत तार म्हणजे काय हे लहान पोरालाही ठाऊक. तार म्हणजे सांगाडा. त्यावर गोणपाट, गोणपाटावर कागदाचा लगदा, लगद्यावर रंग, आणि मग तो प्राणी गणपतीच्या देखाव्यात जाऊन उभा राहायचा. शेजारच्या खोलीतल्या कमलाकांत परबांचा तर हाच धंदा. परळच्या गल्लीत त्यांचा देखाव्यांचा कारखाना होता. दरवर्षी दिवाळीचा फराळ खाता खाता ते विचारायचे, "चिंतू, भरतोस कधी ही शेळी?"

"बघू रे. पुढच्या वर्षी."

दोघंही हसायचे. फराळ संपायचा.

फेब्रुवारीत कर्णिक गेले. चाळ पाडायची म्हणून महिन्याभरात खोली रिकामी करून द्यायची होती. कालिंदीचं शीवचं घर दोन खोल्यांचं, त्यातली एक पुस्तकांनी भरलेली; ती कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होती. तिनं अकरा प्राणी जुन्या चादरींत गुंडाळले आणि परबांच्या कारखान्यात नेऊन ठेवले. "दोन आठवडे, काका. मग नेते." दोन आठवड्यांचे चार महिने झाले. त्या चादरी सोडायला तिचा हात धजत नव्हता, एवढं एकच कारण तिच्यापाशी होतं आणि ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

मग एक दिवस तिनं धीर करून प्राण्यांचे जुने फोटो दक्षिण मुंबईतल्या एका कलादालनाला पाठवले. तिसऱ्या दिवशी अवनी नावाच्या मुलीचा फोन आला. दालनात काय लावायचं ते हीच मुलगी ठरवायची. "एकाच तारेचे? अख्खे? मला प्रत्यक्ष बघायचेत. फोटोत दिसतात तसे असतील तर नोव्हेंबरच्या प्रदर्शनातली एक भिंत मी त्यांच्यासाठी राखून ठेवते."

वडिलांना हयातीत कुणी कलाकार म्हटलं नव्हतं. कचेरीत ते कर्णिक होते आणि चाळीत तारवाले कर्णिक. आता भिंतीवर पूर्ण नाव लागणार होतं.

बुधवारी बारा वाजता अवनी परळला येणार होती. कालिंदी दहालाच पोचली. पिशवीत मऊ ब्रश होता आणि धूळ पुसायला मलमलीचं फडकं.

"इलंस? बरा झाला," परब म्हणाले. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, बनियनवर रंगाचे शिंतोडे. "मी फोन करणारच होतो. ये. आणि डोळे मीट बघू आधी."

"काका, काय पोरखेळ..."

"मीट म्हणतो ना."

तिनं डोळे मिटले. प्लास्टिकचा कागद सरकल्याचा आवाज आला. उघडले तेव्हा समोरच्या फळीवर अकरा प्राणी ओळीनं उभे होते. गुबगुबीत. शेळी पांढरीशुभ्र, कान गुलाबी, डोळ्यांना पापण्या. बगळ्याची मान मनगटाएवढी जाड. गाढव उठून चार पायांवर उभं होतं. मागं एक पाटी, सोनेरी अक्षरांत: कै. चिंतामणी कर्णिक यांच्या स्मरणार्थ.

"काय गो बाय? आवाज बसला?"

"हे कधी केलंत?"

"मार्च, एप्रिल, मे. हे हात बघ, कापतात. तरी कारखान्यातल्या एकाही पोराला लावू दिला नाही हात." परबांनी शेळीच्या पाठीवरून तळवा फिरवला. "कारखान्याची रीत आहे. कारागीर मधेच गेला तर त्याचं काम सोबत्यानं पुरं करायचं. माझा बाप भर सीझनमध्ये गेला, तेव्हा त्याच्या सोळा मूर्ती त्याच्या जोडीदारानं, दौलतनं, पुऱ्या केल्या. चिंतूला कोण होतं? मीच की. यंदा मंडळाच्या देखाव्यात पुढ्यातच ठेवणार आहेत. लाखभर माणूस बघेल."

कालिंदीनं पिशवी खाली ठेवली. आपला आवाज चढतोय का याकडं तिचं लक्ष होतं. तो चढला नाही.

"काका, ते पुरे झालेले होते."

"म्हणजे?"

"बाबांना ते तसेच हवे होते. तारेचे."

परब हसले. "सांगाडा कुणी तसाच ठेवतं काय? तीस वर्षं मला सांगत होता, पुढच्या वर्षी भरतो म्हणून."

"गंमत करायचे."

"तीस वर्षं?"

तिनं शेळीच्या पाठीवर नख घासून बघितलं. मग तिनं विचारलं, "हा लगदा पाण्यात सुटतो?"

परबांनी तिच्याकडं बघितलं, मग शेळीकडं. "डिंकातला आहे. सुटेल. पण रंग जाईल."

"जाऊ दे."

त्यांनी वाद घातला नाही. स्वतःच घमेलं भरलं, शेळी आत ठेवली आणि वरून ओलं गोणपाट टाकलं. दोघं दोन स्टुलांवर बसून राहिले. चहा आला, निवला. अर्ध्या तासानं परब खाली उकिडवे बसले आणि अंगठ्यानं लगदा सोलू लागले. आधी पापण्या गेल्या, मग गुलाबी कान. सफाई अशी की तारेला धक्का लागत नव्हता. पाणी दुधासारखं झालं, मग त्यात काळपट गोणपाट तरंगू लागलं.

मानेपाशी आल्यावर त्यांचा हात थांबला.

मान समोर बघत होती. खांद्यापाशी तार तुटलेली होती आणि दुसऱ्या तारेनं पीळ देऊन जोडलेली. पोटाशीही तसंच, मागच्या पायांशीही. कालिंदीनं शेळी पाण्याबाहेर काढली. पहिला जोड तिच्या हातातच सुटला. डोकं घमेल्यात पडलं.

"कापलीत?"

"मान वाकडी होती. लगदा धरेना. चार ठिकाणी कापून सरळ केली."

"बाकीचेही कापलेत?"

"जे वाकडे होते तेवढेच." त्यांनी फळीकडं बघितलं. "सगळेच वाकडे होते की गो."

घड्याळात सव्वाअकरा झाले होते. रस्त्यावर कुणीतरी टेम्पो मागं घेत होतं आणि कुणीतरी त्याला दिशा सांगत होतं.

"असं होतं तर त्यानं मला सांगितलं का नाही?" परबांनी विचारलं. ते अजून उकिडवेच होते. "रोज भेटत होता. भिंतीला भिंत. माझ्या पोरीच्या लग्नात त्यानं वाढलं. एवढी एक गोष्ट सांगायला काय झालं होतं?"

याला बरीच उत्तरं देता आली असती. बाबांचा स्वभावच तसा होता, त्यांना संकोच वाटायचा, राहून गेलं. आयुष्यभर पुस्तकांत राहिलेल्या बाईला एवढे शब्द जड नव्हते. पण कर्णिकांनी एकदा हसत हसत तिला म्हटलं होतं, कमलाकांतला काय सांगायचं, त्याच्या डोक्यात शिरणार आहे का ते? आणि हातात धड होतं, डोकं घमेल्यात.

"तुम्हाला कळणार नाही असं त्यांना वाटायचं," ती म्हणाली.

परबांनी मान हलवली, जणू कुणी पत्ता सांगितला आणि तो त्यांना समजला. गुडघ्यावर हात टेकून ते उठले. कोपऱ्यातल्या फडक्याला एकेक बोट पुसलं. बराच वेळ पुसलं.

"तुला कळत होतं ना?" त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

"हो."

"मग चार महिन्यांत एकदा तरी यायचं होतंस. शीवहून परळ असं किती लांब आहे?"

ते आतल्या खोलीत गेले. दार लावलं नाही, पण परत बाहेरही आले नाहीत.

कालिंदीनं शेळीचे तुकडे मलमलीच्या फडक्यात बांधले. उरलेल्या दहांकडं तिनं पुन्हा बघितलं नाही. बाहेर येऊन, गल्लीच्या तोंडाशी, रसवंतीच्या घुंगरांत नीट ऐकू येईना म्हणून एका कानावर हात ठेवून, तिनं अवनीला फोन लावला.

"मी निघालेच आहे, मॅडम. टॅक्सीत आहे."

"येऊ नका. प्राणी राहिले नाहीत."

"राहिले नाहीत म्हणजे? सगळे? चोरीला गेले का?"

"नाही. घरच्याच माणसांकडून झालं."

पलीकडं अवनीनं टॅक्सी थांबवायला सांगितलं. मग अवनीनं विचारलं, अगदी साधेपणानं, वाईट वाटून, "पण मॅडम, ते कसे आहेत, काय आहेत, हे त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं का?"

"नाही," कालिंदी म्हणाली. "कुणीच नाही."