सातवा खिळा

मी एक जुनी फळी आहे. सागवानी, हातभर लांब, सात खिळ्यांची. मित्रांनो, माझ्यावर एके काळी माणसं टांगलेली असत. घाबरू नका, सांगते.

मी अग्निशमन केंद्रातली हजेरीची फळी. बंबाच्या कडेला अडकवून मला आगीच्या ठिकाणी नेत. आत शिरण्याआधी प्रत्येक जवान आपल्या नंबरचा पितळी बिल्ला माझ्या खिळ्यावर अडकवी आणि बाहेर आला की काढून घेई. बिल्ला खिळ्यावर आहे, म्हणजे माणूस आत आहे. नियम एवढाच.

तो जिवापाड जपला सात नंबरच्या जवानांनी. शाळेसारखी हजेरी घेत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. एकतीस वर्षं ते आगीतून सगळ्यांच्या शेवटी बाहेर आले. बिल्ला अडकवला की बोटाने माझ्यावर दोन टिचक्या मारत. टक् टक्. आगीतून परतले की आधी मला पुसत, मग स्वतःचं तोंड.

बंब चालवणारे मामा मात्र कधी बिल्ला लावत नसत. "मी ड्रायव्हर माणूस. मला कशाला हजेरी?"

"अहो मामा," मास्तर म्हणत, "भिंत पडताना हुद्दा विचारत नाही."

पुढे मास्तरांची लेकही याच केंद्रात जवान झाली. मास्तर निवृत्त झाले, त्यांचा बिल्ला त्यांच्याबरोबर घरी गेला. धुराने खाल्लेली छाती घेऊन ते वर्षभर खोकत राहिले. लेक कामावरून आली की रोज एकच विचारत, "सगळे आले?" ती म्हणे, "आले, बाबा. जेवा आता." मला पुसता पुसता तिनेच हे एकदा सहकाऱ्यांना सांगितलं. तेव्हा मास्तर जाऊन आठवडा झाला होता.

त्यानंतर दोन महिन्यांनी गाद्यांच्या कारखान्याला आग लागली. भर दुपार होती, पण धुराने ऊन तपकिरी झालं होतं. पाच जण आत गेले. पाच बिल्ले. लेक माझ्यापाशी उभी होती.

अचानक माझ्या सातव्या खिळ्यावर वजन आलं. मला कुणी दिसलं नाही. फक्त ओल्या हातमोज्याचा स्पर्श कळला. आणि मग, टक् टक्.

पाचही जण बाहेर आले, आपापले बिल्ले घेऊन गेले. केंद्राचे साहेब ओरडले, "मागे व्हा! छत बसतंय!"

"साहेब, एक आहे अजून," लेक म्हणाली. "सात नंबर."

"अगं, तो मास्तरांचा. आठवण म्हणून तूच लावला असशील."

"बाबांचा बिल्ला घरी कपाटात आहे. कुलूप मी लावलंय." तिने खिळ्यावरच्या बिल्ल्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. एवढ्या धगीत तो बर्फासारखा गार होता.

साहेबांनी स्वतः बिल्ल्याला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, "मोजा परत. सगळे मोजा."

मामा नव्हते. मागच्या दारात अडकलेला पाइप सोडवायला ते दोन पावलं आत गेले होते आणि वरून वासा पडला होता. लेकीने स्वतःचा बिल्ला अडकवला आणि ती आत धावली. तिने मामांना ओढून बाहेर काढलं, आणि मागे छत कोसळलं.

शुद्धीवर आल्यावर मामा इकडेतिकडे पाहू लागले. "मास्तर कुठे गेले? आत्ता तर माझा हात धरून बसले होते."

माझा सातवा खिळा तेव्हा रिकामा होता. संध्याकाळी लेकीने घरचं कपाट उघडलं. बिल्ला जागेवरच होता, ओल्या राखेने माखलेला.

आता मोजायला यंत्रं आली. मी केंद्राच्या व्हरांड्यात लटकते. केंद्र पाहायला आलेली मुलं माझ्यावर टोप्या अडकवतात. खुशाल अडकवा, फक्त सातवा खिळा सोडा. आणि मित्रांनो, कुठूनही निघताना आपली माणसं मोजत जा. घाईत सगळे आल्यासारखेच वाटतात.

तुमच्या बाई फाटकापाशी रांग लावतायत, नाही का? जा. पण त्यांना म्हणावं, एकदा परत मोजा.

माझ्या सातव्या खिळ्यावर आत्ताच वजन आलंय.