जमिनीसाठी निवडलेली तुळई

मी तुळई बोलतेय. बारा फूट लांब होते तेव्हापासून सांगते, कारण आता मी तेवढी उरलेली नाही. बोलता बोलता मधेच करकरले तर दचकू नका. स्वस्थ पडून राहणं मला कधी जमलंच नाही.

झाड होते तेव्हाही नव्हतं जमलं. डोंगराच्या ज्या अंगाला वारा सगळ्यात जास्त, नेमकी तिथे मी उभी होते. एका वादळात माझी जाड फांदी बुंध्यापासून मोडली. जखमेवर साल धरली, सालीखाली नवं लाकूड चढलं, बाहेरून कुणाला पत्ताही लागेना. आत मात्र त्या मेलेल्या फांदीचं बूड तसंच राहिलं. काळं, सैल, मुठीएवढं. मी वाढत गेले आणि ते पोटात खोल खोल जात राहिलं.

पुढे कुऱ्हाड आली, ट्रक आला, गिरणीतली मोठी करवत आली. एका बुंध्यातून आम्ही चार तुळया निघालो. करवत त्या बुडापासून बोटभर अंतरावरून गेली आणि ते आतच राहिलं. वखारवाल्याने माझ्यावरून हात फिरवला. "ही नंबर एक," तो म्हणाला. मला धस्स झालं.

वखारीत दोन वर्षं वाळत पडले. गिऱ्हाइकं यायची. लाकडातलं काही कळो न कळो, प्रत्येक जण बोटाच्या पेराने टकटक करायचाच, आतून कुणी 'या, बसा' म्हणणार असल्यासारखा. मग गंभीरपणे मान हलवायचा. बायको बरोबर असेल तर जरा जास्तच.

एके दिवशी तिघं आली. एक बाई, पुस्तकांची बांधणी करणारी. तिचे वडील, जन्मभर सुतारकाम केलेले, पण आता डोळ्यांपुढे नुसता धुरकट उजेड. आणि तिचा नवरा, वेल्डर. डोळे अधू झाल्यापासून म्हातारा लेकीकडेच राहत होता, म्हणजे लाकूड आणि लोखंड एकाच घरात नांदत होतं.

बाईचं दुकान ज्या इमारतीत होतं ती पाडायची होती. म्हणून तिला घराच्या मागच्या अंगणात एक खोली बांधून हवी होती. अंगण उताराचं, त्यामुळे खोलीची जमीन वीटकामाच्या खांबांवर तुळया टाकून उचलून घ्यायची होती. तिच्यावर कागद कापायचं बिडाचं मशीन बसणार होतं. ते हलवायला सहा माणसं लागायची.

"मामा, एवढ्या वजनाला खाली लोखंडी चॅनेल हवेत," जावई म्हणाला. "लाकडाचा काय भरवसा?"

"जावईबापू, तुम्ही दूध पीत होतात तेव्हापासून मी तुळया टाकतोय," म्हातारा म्हणाला. "लोखंड मुकं असतं. लाकूड मोडायच्या आधी सांगतं."

"मोडतं म्हणजे. कबूल झालात!"

"अहो, पुरे," बाई म्हणाली. "बाबा, तुम्हीही पुरे."

म्हाताऱ्याने आमच्यावरून हात फिरवायला सुरुवात केली. बोटं खडबडीत, नखं जाड. एकेक तुळई चाचपत तो माझ्यापाशी आला. टकटक केलं. मी मनात ओरडले, अजून जरा मधे, अजून जरा जोरात! पण त्याच्या बोटांत पूर्वीची जाण राहिली नव्हती. त्याने मला थोपटलं. "मशीनच्या बरोबर खाली ही," तो म्हणाला. "माझ्या पोरीचे पाय हिच्यावर राहतील."

त्या दिवसापासून माझी तगमग सुरू झाली. अंगणात मला विटांवर ठेवलं होतं. बाई येता-जाता माझ्यावर बसून चहा प्यायची. कधी चपलेत गेलेला खडा काढायला माझ्यावर पाय ठेवायची. तिचं ते हलकं वजन मला मशीनपेक्षा जड वाटायचं. कुणाला सांगणार? मला फक्त करकरता येतं, आणि लाकूड करकरलं की माणसं म्हणतात, ऊन लागलं असेल.

तरी एक बरं झालं. म्हातारा आपल्या जुन्या शिस्तीला चिकटून होता. "आधी वजन देऊन बघायचं," तो म्हणाला. "माझ्या हातून गेलेली तुळई वजन खाल्ल्याशिवाय कुठे बसलेली नाही."

विटांचे दोन उंच ढीग रचून मला त्यांच्यावर आडवी टाकली. मधोमध सिमेंटची पोती चढायला लागली. चार, पाच, सहा. जावई घामाघूम झाला.

"बघितलंत?" म्हातारा खूश होता. "हलली का जरा तरी?"

"मी चढू का बाबा?" बाईने विचारलं, आणि पोत्यांवर चढण्यासाठी माझ्यावर पाय ठेवला.

माझ्या पोटातलं ते काळं बूड सरकलं. होता नव्हता तेवढा जीव एकवटून मी करकरले. बाईला तो नेहमीचाच आवाज वाटला. जावयाला तर ऐकूही आला नाही, त्याचे कान वेल्डिंगच्या दुकानात गेलेले. पण म्हातारा खुर्चीवरून ताडकन उठला.

"उतर! पोरी, आधी खाली उतर!"

ती मागे उडी मारते न मारते तोच मी खालच्या अंगाने तडकले. पोती घरंगळली, एक फुटलं, सगळं अंगण राखाडी झालं. चिरेतून ते काळं लाकूड उघडं पडलं.

जावई काहीतरी बोलेल असं मला वाटलं. महिनाभर तो याच क्षणाची वाट बघत होता. पण त्याने फक्त बायकोचा दंड धरला होता, घट्ट.

म्हातारा चाचपडत माझ्यापर्यंत आला. चिरेत बोट घातलं.

"हाताला कळलं नाही," तो म्हणाला. "माझ्याच पोरीच्या खोलीत, आणि मला कळलं नाही. जावईबापू, घाला लोखंड. खाली घाला, वर घाला. मला विचारू नका."

मग तो घरात गेला आणि चार दिवस अंगणात आलाच नाही. ताट तसंच परत जायचं. मी भिंतीला टेकून उभी होते, पोटात चीर घेऊन, आणि लाज नक्की कुणाला वाटायला हवी ते मला ठरवता येत नव्हतं.

जमिनीखाली चॅनेल बसले. छपरासाठी लोखंडी पाइप आले, अंगणात रचले गेले. पाचव्या दिवशी सकाळी बाईने अंगण झाडताना कोऱ्या कागदांचा गठ्ठा त्या पाइपांवर ठेवला. उचलला तर खालचे कागद ओल्या पट्ट्यांनी फुगले होते. थंडीत लोखंडाला घाम सुटला होता.

ती तो गठ्ठा घेऊन तशीच घरात गेली आणि दोघांनाही बाहेर घेऊन आली.

"बाबा, हात लावा. अहो, तुम्हीही लावा. महिनाभर भांडताय दोघं. या खोलीत मी काय करणार आहे, हे एकाने तरी विचारलं?"

भिजलेला कागद म्हाताऱ्याच्या बोटांना चिकटला.

"खाली लोखंडच हवं," ती म्हणाली. "मशीनचं वजन आहे, जमिनीची ओल आहे, वाळवी आहे. पण माझ्या डोक्यावर, माझ्या कागदांवर, ठिबकणारं काही नको. वर लाकूडच."

"लाकूड निवडणार कोण?" म्हातारा पुटपुटला. "मी नाही."

"एक तर आहेच की घरात." तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"ती फुटकी आहे."

"मधे फुटकी आहे बाबा. टोकांना नाही."

जावयाने करवत आणली. कापायचं कुठून ते म्हाताऱ्याने बोटांनी मोजून दाखवलं, पुन्हा मोजलं, पुन्हा मोजलं. मधला काळा तुकडा वेगळा झाला आणि कितीतरी वर्षांनी मला पोटात रिकामं, हलकं वाटलं. तुळईचे दोन वासे झाले. आढ्याच्या दोन बाजूंना मी एकमेकींना टेकून बसले. मी म्हणू की आम्ही, अजून ठरत नाही. बाकीचे वासे दोघं मिळून घेऊन आले. एकाने हाताने बघायचं, एकाने डोळ्यांनी, आणि वाटेत पुन्हा भांडायचं. वासे बसले, त्यांच्यावर फळ्या, फळ्यांवर पत्रा.

अकरा वर्षं झाली त्याला. माझ्याखाली शाळांची हजेरीपत्रकं शिवली गेली, कुणाच्या आईची पत्रं शिवली गेली, एका मुलीने चौथ्यांदा लिहून काढलेला प्रबंध शिवला गेला. खळीचा वास माझ्यात मुरला. म्हातारा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकायचा, मग अंथरुणाला खिळला. तो येईनासा झाल्यापासून वर कुणी बघितलंच नाही.

आणि मागच्या काही महिन्यांपासून पत्र्याच्या एका स्क्रूतून पाणी झिरपतंय. माझ्या एका टोकाला गारवा शिरला. मी काळी पडत गेले. करकरून करकरून थकले. बाईने खाली एक वाटी ठेवली आणि म्हणाली, "बघू नंतर." घरातून म्हातारा रोज विचारायचा, "वासे कसे आहेत गं?" ती वर न बघताच म्हणायची, "छान आहेत बाबा." तिचीही चूक नाही. हातातलं काम संपलं की दुसरं येतं. डोक्यावरच्या गोष्टी माणसं डोक्यावर पडेपर्यंत गृहीत धरूनच चालतात.

आज सकाळी म्हाताऱ्याने हट्टच धरला. जावयाने त्याला खुर्चीसकट उचलून इथे आणलं. टेकतो न टेकतो तोच त्याच्या टकलावर थेंब पडला. तो हसला नाही.

"जावईबापू, शिडी लावा. टोकाला नख रुतवून बघा."

जावई चढला. माझ्या अंगात त्याचं नख शिरलं. "मऊ लागतंय मामा."

"किती?"

"चार बोटं. त्यापुढे कडक आहे." त्याने पुन्हा नख रुतवलं. "म्हणजे मला तरी तसं लागतंय."

"तुमच्या हाताला लागतंय ना? मग तसंच असेल. चार बोटं कापा. टोकाला लोखंडी जोडा घाला, तेवढी लांबी भरून निघेल."

"लोखंडी?"

"कान गेले का तुमचे? हो, लोखंडी."

तिघं आता जेवायला गेली आहेत. करवत बाकावर ठेवली आहे, शिडी मला टेकून आहे. चार बोटं म्हणाला खरा, पण ओल त्याच्यापुढे गेली असेल तर? मला आतून नीट कळत नाही. वाचणाऱ्यांनो, एवढं करा. जेवून उठलात की तुमच्याही डोक्यावर जे कोणी भार धरून आहे, त्याच्याकडे एकदा मान वर करून बघा. मला आता बोलणं थांबवायला हवं. पावलं वाजतायत.