मदरबोर्ड बदलला, मी नाही बदलले

मित्रांनो, मला सहसा कुणी पाहत नाही. मी संगणकाच्या पोटात स्क्रूने आवळलेली एक जुनी हार्ड डिस्क आहे. स्वभावाने हट्टी. एकदा लिहून घेतलेलं सोडायचं नाही, एवढंच मला कळतं.

कारखान्यात माझ्या चकत्या घासूनपुसून लख्ख केल्या आणि मला झाकणात बंद केलं. तिथून मी आले ती थेट ताईच्या बुटांच्या दुकानात. ज्यांचे पाय चारचौघांसारखे नसतात, त्यांच्यासाठी ताई बूट करते. पायाचं माप ती संगणकावर उतरवते, त्यावरून चामडं कापायचा नमुना छापते. हे काम करणारा प्रोग्राम माझ्यावरच आहे. तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली, आता तो कुठेही मिळत नाही. "माझा सगळा धंदा या डबड्यात आहे," असं ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मी फुशारून जायचे. डबडं म्हटल्याचा राग मात्र गिळायचे.

एके सकाळी बटण दाबलं, पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला. दुरुस्तीवाले काका आले, आत डोकावले आणि म्हणाले, "मदरबोर्ड गेला. सगळे भाग ज्याला जोडलेले असतात तो मुख्य बोर्डच."

"म्हणजे आईच गेली म्हणा की," ताईच्या सासूबाई चष्मा वर सरकवत म्हणाल्या.

नेमके तेव्हाच बिट्टीचे बूट करायचे होते. या मुलीचा डावा पाय आखूड आहे. जुने बूट पायात जाईनात, म्हणून तिची शाळा बुडत होती. तिचं माप माझ्याकडे होतं.

"नवा बोर्ड बसवतो," काका म्हणाले. "आणि डिस्कला फॉरमॅट मारून टाकू. सगळं नव्यानं टाकलं की झकास चालेल."

या माणसाला 'मारून टाकू' शिवाय बोलताच येत नाही. धूळ मारून टाकू, व्हायरस मारून टाकू! पण फॉरमॅट मारणं म्हणजे माझी पाटी कोरी करणं. माझं धाबं दणाणलं.

"काका, मारायचं काही नाही," ताई म्हणाली. "तो प्रोग्राम पुसला गेला तर परत कुठून आणू? बोर्ड बदला, आतल्या कशाला हात लावू नका."

"अहो, जुनी डिस्क नव्या बोर्डाशी जुळवून घेत नाही."

"घेईल. करून तर बघा."

काका कुरकुरले, पण कामाला पक्के. आधी त्यांनी मला दुसऱ्या संगणकाला जोडलं आणि माझी जशीच्या तशी नक्कल एका कोऱ्या डिस्कवर उतरवून घेतली. माझी हाडं कुरकुरली, तरी एक ओळही मी गाळली नाही. मग मला नव्या बोर्डाला जोडलं, बटण दाबलं. गडबड झाली की येतो तो निळा पडदा आला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

"म्हटलं नव्हतं? डिस्कच गेलीय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी गेले? आत्ताच तर सगळं घडाघडा म्हणून दाखवलं!

"गेली असती तर नक्कल कशी निघाली हो?" ताईनं विचारलं.

काका जुना बोर्ड हातात घेऊन बघत बसले आणि एकदम हसले. "चुकलंच माझं. जुना बोर्ड हिच्याशी जुन्या पद्धतीनं बोलायचा. नव्यात नवी पद्धत लावलेली आहे, ती हिला कुठून कळणार?" त्यांनी बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन तेवढी एक गोष्ट बदलली.

मी सगळा जोर लावून फिरले. पडदा उजळला. अक्षरं बटाट्याएवढी, आवाज बंद, पण माझं सगळं जागच्या जागी! काकांनी नव्या बोर्डाचे ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारे छोटे प्रोग्राम, घातले, तशी अक्षरंही ताळ्यावर आली. ताईनं प्रोग्राम उघडला. बिट्टीचा डावा पाय पडद्यावर आला आणि ताईला रडूच फुटलं. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

त्याच आठवड्यात बिट्टीनं नवे बूट घातले आणि बाबांचा हात सोडून ती दारापर्यंत चालत गेली. तिथून थेट शाळेत.

मित्रांनो, माझं वय झालं म्हणून काकांनी पुढे माझी ताजी नक्कल त्या नव्या डिस्कवर उतरवली, आणि आता संगणकात तीच फिरते. मी कपाटात, कापडात गुंडाळलेली. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण तुम्हाला एक कळकळीनं सांगते. कुणाचीही पाटी पुसण्याआधी तिच्यावर काय लिहिलंय ते विचारा, आणि नक्कल काढल्याशिवाय कशालाही हात लावू नका. बिट्टीचा पाय अजून वाढायचा आहे. नव्या पोरीनं कधी दगा दिला, तर मला बाहेर काढा. बिट्टीचं माप मी अजून सोडलेलं नाही.