दोऱ्याची जागा

वयाची तिशी न ओलांडलेल्या विद्यापीठाला परंपरेची तहान लागली, की ते ती घडवून घेते. दमयंती शिकवत होती त्या सिंगापूरच्या विद्यापीठाने २०१६ साली हे काम थेट सोनाराकडेच दिले. पदवीधरांसाठी अंगठी निघणार होती. माथ्यावर विद्यापीठाची मुद्रा, एका अंगाला पदवीचे साल आणि दुसऱ्या अंगाला ज्याच्या त्याच्या विभागाचे चिन्ह. मसुराच्या डाळीएवढ्या जागेत रसायनशास्त्र, तेवढ्याच जागेत कायदा. ज्ञानाचे इतके प्रामाणिक मोजमाप या संस्थेने आजवर केले नव्हते, असे दमयंतीला वाटले.

चिन्हे काढण्याचे काम तिच्याकडे निशिकांतने आणले. निशिकांत मूळचा ठाण्याचा. बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये बरीच वर्षे काढून तो आता माजी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात मॅनेजर झाला होता, आणि परंपरा हे खाते त्याच्याकडे होते.

"ताई, तुमचा हात चांगला आहे. गणपतीत मंडळाची पत्रिका तुम्हीच काढली होती ना? अकरा विभाग, अकरा चिन्हं. एकदम सिंपल आणि क्लीन."

"विभाग बारा आहेत."

निशिकांतने खुर्चीत अंग चोरले. "जूननंतर अकरा, ताई."

बारावा विभाग दमयंतीचा, हस्तलिखितविद्येचा. तो बंद होत नव्हता. अधिकृत पत्रकानुसार तो 'एका व्यापक डिजिटल दृष्टीत विलीन' होत होता. विलीन होणे हे क्रियापद दमयंतीने तोवर मृतांसाठीच वापरलेले ऐकले होते.

"माझ्या शेवटच्या वर्गात चौघं आहेत, निशिकांत. त्यांना पदवी याच विभागाची मिळणार. त्यांच्या अंगठीवर काय कोरणार?"

"ती बाजू प्लेन. मी विचारून ठेवलंय. प्लेनसुद्धा छान दिसतं हो, एलिगंट."

"माणूस गेल्यावर त्याची खोलीही एलिगंटच दिसते."

"तुम्ही ना, ताई..." तो हसू लागला आणि मध्येच थांबला. "बरं, बाराही काढा. मी कमिटीपुढे ठेवतो. प्रॉमिस."

बाराव्यासाठी काय काढायचे, हे दमयंतीला शोधावे लागले नाही. ते प्रबोधने कधीच शोधून ठेवले होते.

हा विभाग दोघांनी मिळून उभा केला होता. पुण्यातल्या एकाच संस्थेच्या तळघरात दोघे पोथ्या वाचायला शिकले, आणि काही वर्षांच्या अंतराने एकाच विषुववृत्ताजवळ येऊन पडले. पहिल्या तासाला प्रबोध विद्यार्थ्यांसमोर जुन्या कागदी पोथीचे एक पान ठेवी. पान दोन्ही बाजूंनी गच्च लिहिलेले आणि मधोमध एक चौकट कोरी. ही जागा का सोडली, असे तो विचारी. मुले चित्रासाठी म्हणत, शाई संपली म्हणत. मग तो सांगे: कागदाच्या आधी लोक ताडपत्रावर लिहीत. ताडपत्राला मध्ये भोक असे, पाने दोऱ्यात ओवायला. दोऱ्याने अक्षरे घासू नयेत म्हणून लेखनिक भोकाभोवती जागा मोकळी ठेवत. पुढे कागद आला, भोक गेले, दोरा गेला. लेखनिक मात्र शतकानुशतके ती जागा सोडत राहिले. का, ते बहुतेकांना ठाऊक नसावे. गुरूने सोडली म्हणून शिष्याने सोडली.

"पण मग सोडायचीच कशाला?" कुणीतरी विचारी.

"उद्या दोरा परत आला तर त्याची गैरसोय नको," प्रबोध म्हणे.

मागच्या बाकावर बसलेली दमयंती स्वतःशी म्हणे, या गृहस्थाला जे सुचते ते सगळे वर्गातच.

कारण वर्गाबाहेर प्रबोधला फारसे काही सुचत नसे. रविवारी दोघे पुलाउ उबीन बेटावर जात. तिकडची बमबोट, म्हणजे छोटी लाकडी होडी, बारा माणसे जमल्याखेरीज सुटत नाही. चांगीच्या धक्क्यावरच्या बाकावर दोघे बसत आणि दहा माणसांची वाट पाहत. ती येऊ नयेत असे दमयंतीला वाटे. प्रबोधला काय वाटे हे कळायला मार्ग नव्हता. तो पाण्याकडे पाहत पाठभेदांविषयी बोले. २०१३ साली त्याच्या नोकरीच्या पासचे नूतनीकरण झाले नाही, आणि तो पुण्याला परतला. विमानतळावर तो म्हणाला, "पोथ्यांकडे लक्ष असू दे." दमयंती म्हणाली, "हो." इतक्या वर्षांच्या सहवासाचा समारोप याहून संक्षिप्त करणे कोणत्याही लेखनिकाला जमले नसते. त्यानंतर तीन वर्षे पुण्याहून आणि पुण्याकडे निरोप जात-येत राहिले. दोघे एकमेकांना संदर्भ विचारत. ते संदर्भ दोघांनाही आधीच ठाऊक असत.

तेव्हा बारावे चिन्ह ठरलेलेच होते: एकाखाली एक आडव्या रेघा, आणि त्यांच्या मधोमध कोरी चौकट. बाकीची अकरा दमयंतीने शिस्तीत काढली. रसायनशास्त्राला चंबू, कायद्याला तराजू, सागरी अभियांत्रिकीला नांगर. तिच्या विभागाची दालने ज्याला मिळणार होती त्या विदाशास्त्राला, म्हणजे डेटा सायन्सला, तिने चाळण काढली. त्यात राग होता, आणि तिच्या मते अचूकपणाही होता.

चूक झाली ती पुढे, आणि ती पोथ्यांत आयुष्य घालवलेले माणूसच करू जाणे. पोथीच्या पहिल्या पानावर नावगाव नसते. ग्रंथ कोणता, लिहिला कोणी, कोणासाठी, हे सगळे अखेरीस, समाप्तीच्या ओळींत येते. दमयंतीने सवयीने तेच केले. बारा पानांवर बारा चिन्हे, आणि कोणते कोणाचे ते शेवटच्या पानाच्या पाठीवर, सुबक अक्षरात. निशिकांतच्या कार्यालयात पान उलटून पाहण्याची रीत नव्हती.

नमुने घडून आले तेव्हा कमिटीने तिला बोलावले. लांब टेबलावर मखमलीचा तुकडा पसरून पितळी अंगठ्या मांडल्या होत्या. चंबू होता, तराजू होता, नांगर होता. विदाशास्त्राचे विभागप्रमुख प्रोफेसर को यांनी आपली अंगठी करंगळीत अडकवून तिच्यासमोर धरली, आणि अस्सल सिंगापुरी 'लाह' लावून ते म्हणाले,

"व्हेरी क्लीन, लाह. सर्व्हर रॅक, राइट? माझ्या सगळ्या स्टाफला आवडली."

अंगठीवर एकाखाली एक आडव्या रेघा होत्या. मधोमध चौकट होती, आणि चौकटीत कोणीतरी निळा खडा बसवला होता.

"मध्ये फारच रिकामं वाटत होतं," प्रोफेसर को म्हणाले. "आता पॉवर बटण."

दमयंतीने निशिकांतकडे पाहिले. तो तिच्याकडे झुकून हळूच मराठीत म्हणाला, "तुमचं मांडलं मी, ताई, शपथ. पण कमिटी चाळणीला नाही म्हणाली. किचनमधली वाटते म्हणे."

"चाळण माझ्या विभागाची नव्हती."

"नव्हती? जुन्यातून निवडून काढता ना तुम्ही लोक, म्हणून मला वाटलं..." तो थांबला. प्रोफेसरांच्या करंगळीकडे पाहताना त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "अरे देवा. मग ते?"

"ते."

"मी आत्ता सांगतो त्यांना. थांबवतो. यादी सीनेटने पास केलीये, तुमचं आता आत येणार नाही, पण निदान त्यांचं काढून टाकता येईल."

टेबलाभोवती सगळे नम्रपणे वाट पाहत होते. दमयंतीला एवढेच म्हणायचे होते की हे तुमचे नाही. ते म्हटले असते तर चिन्ह वितळवले गेले असते, चौघांची बाजू कोरीच राहिली असती आणि न्याय झाला असता. तिला न्यायाची हौस होती. या इमारतीत ती बाळगणारी बहुधा ती एकटीच होती. पण तिच्या डोळ्यांसमोर वेगळेच काही आले. दर वर्षी इथून तीन-चारशे मुले बाहेर पडणार; ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर सायकली फिरवणार, बँकांमध्ये बसणार, आणि त्यांच्या बोटांवर दोऱ्याची जागा असणार. का, ते त्यांच्यापैकी कोणालाही ठाऊक नसणार. लेखनिकांना तरी कुठे ठाऊक होते?

"राहू दे, निशिकांत," दमयंती म्हणाली. मग ती प्रोफेसरांकडे वळली. "खडा काढावा लागेल."

"काढला तर मध्ये रिकामं राहणार."

"हो. रिकामंच हवं."

"व्हाय?"

खरे कारण सांगायला एक सत्र लागले असते, आणि ते सत्र रद्द झाले होते. "तुमच्या रॅकमध्ये हवा खेळायला जागा लागत नाही?" तिने विचारले.

प्रोफेसर को यांचा चेहरा उजळला. "आह, एअरफ्लो! गुड, गुड. खडा काढा." आणि तिथल्या तिथे त्यांनी विभाग विलीन झाल्यावर आपल्याकडे वर्षभरासाठी येण्याचे तिला सुचवले, इतकी स्वच्छ दृष्टी असलेले माणूस त्यांना हवेच होते. दमयंतीने विचार करून सांगते म्हटले.

जूनमध्ये अंगठ्या वाटल्या गेल्या. समारंभानंतर दमयंती आपल्या खोलीत खोकी भरत असताना वल्लरी आली. चौघांतली ही सगळ्यात बोलकी. पुण्यात जन्मलेली, सिंगापूरच्या पासिर रिस वस्तीत वाढलेली, जिचे मराठी घरचे आणि व्याकरण शेजारचे.

"मॅम, डेटा सायन्सवाल्यांच्या रिंगवर आपलं पान आहे! मी एका मुलाला विचारलं, मधे एम्प्टी का? तो म्हणतो, एअरफ्लो. मी इतकी हसले."

"सांगितलंस का त्याला?"

"नाही. त्याला परीक्षा नव्हती ना त्याची." ती खोक्यावर टेकली. "आणि आमची बाजू पूर्ण प्लेन. चौघांनी ठरवलं, आपल्याला अख्खीच्या अख्खी जागा सोडलीये."

दमयंतीने वल्लरीच्या हाताकडे पाहिले. बोटे मोकळी होती. "अंगठी घातली नाहीस?"

"साइझ चुकली, मॅम. सैल होते, पडते. सो आय टाय लाह." वल्लरीने कुडत्याच्या गळ्यात हात घालून अंगठी बाहेर ओढली. ती एका सुती दोऱ्यात ओवलेली होती, पांढऱ्या, दुहेरी पिळाच्या. "ताडपत्रं बांधायला शिकवलेलं ना तुम्ही, त्यातला उरलेला. गाठसुद्धा तीच आहे, बघा."

गाठ प्रबोधची होती. दमयंती ती त्याच्याकडून शिकली होती, त्याच्या बोटांकडे पाहत, आणि पुन्हा विचारायला मिळावे म्हणून मुद्दाम दोनदा चुकून.

"जरा धरून ठेव तशीच," ती म्हणाली.

तिने फोनवर फोटो काढला: वल्लरीची हनुवटी, दोरा, दोऱ्याला लोंबणारी अंगठी. वल्लरी खोकी चिकटपट्टीने बंद करू लागली. दमयंती खिडकीपाशी गेली आणि तो फोटो तिने पुण्याला पाठवला. खाली संदर्भ लिहिला नाही. मग तिने प्रबोधला एक असा प्रश्न विचारला ज्याचे उत्तर तिला ठाऊक नव्हते.

"मी येऊ?"