प्रमिलाबाईंच्या हातचं लाल पाणी

परातीतलं पिवळं पाणी लाल झालं आणि कळसाडीच्या चौकात जमलेली माणसं पुढे सरकली. मोतीलाल भगताने हेमकांतचे चुना लावलेले हात वर धरले.

"देखा, फवारानं सगळं इख उतरनं. मन्हा मंतरपुढे कंपनीनं इखबी पानी भरस."

माणसं हसली. सकाळपासून कपाशीवर विषारी औषध फवारून आलेला हेमकांत मात्र घामाने निथळत होता. तोंडातून लाळ गळत होती.

"काका, मले दोन-दोन दिसी ऱ्हायनं."

"इख जाता जाता असंच करस. घर जाय, झोप."

'झोप' ऐकून गर्दीतल्या शीलाने शेजारी उभ्या आईचा हात धरला. मागच्या हंगामात याच परातीत तिच्या वडिलांचे, मगनआप्पांचे हात बुडाले होते. पाणी लाल झालं, आप्पा घरी येऊन झोपले, ते उठलेच नाहीत.

शीला शहरातल्या एका ऑफिसात शेतकऱ्यांसाठी मोबाइलवर सल्ल्याचे व्हिडिओ बनवायची. हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा, साबण. सगळं शुद्ध मराठीत. आप्पा ते गावभर दाखवत, "मन्ही पोर शे." परातीबद्दल मात्र एकाही व्हिडिओत शब्द नव्हता. आपल्या गावात अजून असलं चालतं, हे ऑफिसात कळू नये म्हणून तिनेच तो विषय टाळला होता.

ती आईला, प्रमिलाबाईंना, घेऊन पुढे आली. "काका, मन्ही मायनंबी इख उतारा."

"वहिनी तं घरमाच ऱ्हास," मोतीलाल चपापला.

आप्पा गेल्यापासून प्रमिलाबाईंनी शेतात पाऊल टाकलं नव्हतं. शीलाने त्याच्याच डबीतला चुना आईच्या तळव्यांना चोळला, परातीत ताजं हळदीचं पाणी ओतलं.

"मंतर नही म्हना तं काही व्हवाव नही," मोतीलाल म्हणाला.

"तं म्हनू नका."

प्रमिलाबाईंनी हात बुडवले. पाणी लाल झालं.

"मन्हा हातमा कोनतं इख व्हतं, भाऊ?" त्यांनी हळूच विचारलं. "शीलाना बापले मीच आठे परातपुढे लई वनू."

शीला गर्दीकडे वळून म्हणाली, "हळदले चुना लागना का लाल व्हस. कुंकू असंच बनस. उठा, गाडी काढा."

बायांनी साबणपाणी आणलं. हेमकांतचे भिजलेले कपडे उतरवून त्याचं अंग धुतलं, फवारणीच्या औषधाची बाटली सोबत घेतली आणि गाडी शहाद्याच्या दवाखान्याकडे निघाली. उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शीलाने नवा व्हिडिओ केला, अहिराणीत. कॅमेऱ्यासमोर प्रमिलाबाई होत्या, पुढ्यात लाल पाण्याची परात.

"इख कातडीमाईन, सासमाईन आंगमा जास," त्या म्हणाल्या. "परातमा ते उतरत नही. चक्कर वनी, घाम सुटना, का दवाखानामा जा. पानी लाल व्हयनं म्हनीसन कोनले झोपू दिऊ नका."