दोन कुलपांचं दार

मी बोलतंय, मालेवा नदीच्या पाटावरचं लोखंडी दार. आधी मी एका मोडीत निघालेल्या ट्रकचा पत्रा होतं. खालच्या नैवाशा गावातल्या लोहाराने मला कापलं, ठोकून सरळ केलं आणि या डोंगरउतारावर पाटाच्या तोंडाशी बसवलं. मला उचललं की पाणी शेतांकडे वळतं. खाली सोडलं की नदी आपल्या वाटेने तलावाला जाते.

सुरुवातीला मला उसंत नव्हती. ज्याला वाटेल तो यायचा, मला उचलायचा, खाली दगड सारून निघून जायचा. शेतात कोबी-बटाटा जोमात होता. खाली तलाव मात्र आटत चालला होता.

मग एका सकाळी तलावावरच्या मासेवाल्या बाया चढून वर आल्या. पुढे अपोंडी. तिने आपली रिकामी टोपली माझ्यासमोर पालथी घातली आणि तिच्यावरच बसली.

"नदी आमच्या बांधावरून जाते," मुरीउकी म्हणाला. कोबीचं सगळ्यात मोठं शेत त्याचं.

"मग तिला तिथंच बसवून ठेव की, भाऊ. खाली कशाला येऊ देतोस?"

लोक हसले. मुरीउकीलाही हसू आवरेना. तिथून बोलणी सुरू झाली, पाण्याच्या पाळ्या ठरल्या आणि मला दोन कुलपं लागली. एक किल्ली त्याच्याकडे, एक तिच्याकडे. दोघं आल्याशिवाय मी हलायचं नाही.

पुढे एक साल पावसाने दडी मारली. कोबीचे गड्डे नुकते भरत होते.

"बाई, आज पूर्ण उघडू. एवढं एक पाणी मिळालं की माल निघेल."

"आणि आमच्या होड्या चिखलात रुतल्यात त्या?"

तरी ती त्याच्या शेतातून फिरून आली. सुकलेली पानं तिने हाताने उचलून पाहिली. मग किल्ली फिरवत म्हणाली, "चार बोटं. वर नाही."

अर्धं शेत वाचलं, अर्धं करपलं. मुरीउकी तिच्याशी बोलेनासा झाला. मग वाचलेला कोबी विकायला तो तलावाकाठी गेला. गुडघाभर चिखलातून बाया होडी ढकलत होत्या. त्याने टोपल्या खाली ठेवल्या आणि होडीला खांदा लावला.

पुढच्या पाळीला त्याने मला तीनच बोटं उचललं.

"तीनच?" अपोंडीने विचारलं.

"करपलेल्या भागात वाटाणा पेरलाय. त्याला कमी लागतं."

तिने टोपलीतला तळलेला मासा पुढे केला. दोघं माझ्याच दांड्याला टेकून जेवली.

आता तलाव पुन्हा भरलाय. माझी खालची कड गंजून झिरपते, म्हणून नवं दार येतंय. मला पाटावर आडवं टाकायचं ठरलंय, पलीकडे जायला. मला ते आवडलं. एवढंच सांगणं आहे, बाबांनो: पावलं जपून टाका. मी ओलं झालं की माझा पत्रा निसरडा होतो, आणि अपोंडीचे गुडघे आता पहिल्यासारखे राहिलेले नाहीत.